माळकऱ्याच्या घरात टेल्युरियम

"तुमची सून करते तरी काय?" हा प्रश्न आमच्या गल्लीत मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी चारचौघींना एकदमच उत्तर देऊन टाकते. पिंजरे बनवते, म्हणते. पोपटाचे का, असं कोणी विचारलंच तर नाही, सिलिकॉनचे, म्हणून सांगते. मग त्यांना वाटतं मोबाइलमधलं काहीतरी असणार, आणि त्या पगार किती ह्या मूळ मुद्द्यावर येतात.

मी जन्मभर पनवेलच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. माझ्या रागाला मुलंच काय, हेडमास्तरही वचकून असायचे. पण सुनेचं काम समजून घ्यायला मला स्वयंपाकघरात पाटावर बसून तिची शिकवणी लावावी लागली. ती खारघरच्या एका संस्थेत पीएचडी करत होती. पहिल्या दिवशी तिने मला समोसा दाखवला.

"आई, ह्याची चार टोकं बघा. प्रत्येक टोकाला सिलिकॉनचा एक अणू. चौघांनी एकमेकांचे हात धरलेत. झाला पिंजरा."

"मग त्यात अवघड काय?"

"हात फार ताणून धरलेत. जरा हवा लागली, ओल लागली की सुटतात. म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर एक भलीमोठी छत्री बसवावी लागते, कार्बनच्या फांद्यांची. तरच तो टिकतो."

मला हसू आलं. आमच्या पनवेलच्या हवेत बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, पापड तळून ताटात येईपर्यंत सादळतात, आणि ही बाई इथे बसून ओल न चालणारी वस्तू बनवतेय! त्यासाठी तिच्याकडे काचेची एक मोठी बंद पेटी होती. आत आर्गॉन वायू भरलेला, आणि बाहेरून हात घालायला रबरी हातमोजे पेटीलाच जोडलेले. दिवसभर त्या मोज्यांत हात घालून उभी राहायची आणि घरी आली की खांदे चोळत बसायची.

पिंजरा बनवणं ही नुसती तयारी. खरा प्रश्न पुढचा होता. आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या खाली एक रांग उतरते: गंधक, सेलेनियम, टेल्युरियम. ह्या मंडळींना चॅल्कोजन म्हणतात. ह्यांपैकी एकेकाला पिंजऱ्यापाशी आणून सोडलं, तर तो दोन सिलिकॉनांच्या हातांमध्ये घुसून आपली जागा करून घेतो का? आणि घेतली, तर पिंजरा नुसता सैल होतो की पार कोसळतो? मी शाळेत ऑक्सिजन आणि गंधक शिकवायचे. खालच्या दोघांची नावं फळ्यावर लिहून पुढे जायचे, कारण परीक्षेत ती येत नसत. आता ती दोघं माझ्या घरात येऊन बसली.

गंधकाचं काम तिने पहिल्या वर्षातच उरकलं. तो उतावळा, एकदम घुसतो, म्हणून त्याला थोडाथोडा सोडावा लागला. सेलेनियम त्यापेक्षा शहाणा, पण त्याच्या काही संयुगांना असा घाण वास की कुजलेला मुळा बरा. त्या दिवसांत ती दारातूनच ओरडायची, "आई, आज सेलेनियम होतं, मी आधी मोरीत जाते!" कपडे वेगळ्या बादलीत, केसांना दोनदा शांपू. आम्ही हसायचो. राहिलं टेल्युरियम. तिघांतला आकाराने सगळ्यात मोठा आणि सगळ्यात आळशी. पण प्रबंधात दोघे आले आणि तिसरा नाही आला, तर परीक्षक पहिला प्रश्न तिसऱ्याचाच विचारणार, असं तिचे सर म्हणायचे. तिला रात्रंदिवस त्याचाच ध्यास लागला होता.

आता आमच्या घराविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आम्ही आगरी. आमचं गाव एके काळी पनवेलच्या बाहेर होतं, आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि मध्ये आमची जुनी वस्ती तेवढी बसकी उरलीय. ह्यांची भातशेती होती, खाडीला मिठागर होतं. जमीन प्रकल्पात गेली, हातात पैसा आला, आणि पैशाच्या मागोमाग बाटली आली. ती वर्षं मी कशी काढली ते इथे लिहीत नाही. शेवटी गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बुवांनी एका एकादशीला ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, आणि त्या दिवसापासून दारू, मासे, मटण, कांदा, लसूण, सगळं एकदम सुटलं. मला देवाधर्माची फार ओढ नाही. माळेवरून मी ह्यांची थट्टाही करते. पण त्या माळेने मला माझा नवरा परत दिला, हे मी विसरत नाही.

मी स्वतः माळकरी नाही. उरणला माझी बहीण आहे, तिच्याकडे जाऊन मी कोलंबी चापून येते. त्यासाठी आमच्याकडे एक नियम आहे. बाहेर काय खायचं ते खा, पण घरी येऊन सांगा. त्या दिवशी खाणाऱ्याने ह्यांचं पाणी, चहा, जेवण करायचं नाही, ते दुसऱ्याने करायचं. बस्स. रागावणं नाही, टोमणे नाहीत. "मास्तरीण आज उरनला जाऊन आली," असं म्हणून हे स्वतःच हसतात. लपवलेलं मात्र त्यांना चालत नाही. बाटलीच्या काळात ते स्वतः इतकं खोटं बोलले होते की खोट्याचा त्यांनी धसकाच घेतलाय.

मुलगा जहाजावर असतो, सहा महिने समुद्रात. त्याने लग्न ठरवलं ते उरणजवळच्या करंजा गावातल्या कोळ्यांच्या मुलीशी. बापाची बोट, आई मासे सुकवणारी. हळदीच्या मांडवात बुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "मालकऱ्याच्या घरात कोल्याची पोर आनतोस. पान्याभायेर मासोली किती दिस ऱ्हाईल?" चारजण हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "बुवा, ती काय खाईल ते मना ठाव नाय. पन खोटं बोलनार नाय. तेवढं मना पुरं हाय."

आणि ती खरंच कधी खोटं बोलली नाही. माहेराहून आली की उंबऱ्यातच सांगायची, "बाबा, आज सुरमई झाली, पाणी आईंच्या हातून घ्या." हे कौतुकाने मान डोलवायचे. रोज सकाळचा पहिला तांब्या तिने द्यायचा आणि ह्यांनी घ्यायचा, असा रिवाजच पडला. गल्लीला मात्र खात्री होती की आज ना उद्या ही पोरगी चोरून काहीतरी खाणार. आमच्याकडे लोकांना वाट बघायची फार हौस असते.

तर त्या पावसाळ्यात, चातुर्मासात, आमच्या घरात लसणाचा वास यायला लागला.

पहिला संशय अर्थात माझ्यावर. हे माझ्याजवळून जाताना नाक उडवायचे आणि मिशीत हसायचे. मी वैतागले. "उरणला गेले असते तर सांगितलं नसतं का? फ्रीजमागे काहीतरी मेलं असेल!" म्हणून फ्रीज ओढला, माळा झाडला, मोरीत फिनेल ओतलं. वास जाईना. आणि गंमत म्हणजे दिवसा नसायचा. सून संध्याकाळी घरी आली, जवळ बसून बोलायला लागली की यायचा. तिच्या बोलण्यातून यायचा. झणझणीत, कच्च्या लसणाचा.

ते आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं असावं, कारण त्या रात्री जेवताना आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही मान खाली घातली. ती आपली भेंडीची भाजी वाढत होती आणि टेल्युरियमविषयी उत्साहाने सांगत होती. चांदीसारखा चकाकतो, आई, पण खलात घातला की बिस्किटासारखा चुरा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तांब्या पुढे केला तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाय, मी मगाशीच पानी पिलो." प्याले नव्हते. ती कामावर गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने माठातून घेतलं. मग रोजच.

मी त्यांना गाठलं. "तिला विचारा ना सरळ! नियम केलाय तो कशाला?"

"नको."

"मी विचारते."

"तू तर नकोच," हे म्हणाले. "पोरगी दिसभर उभी ऱ्हाते. नवरा दर्यावर. भाईर चार घास चवीचे खाल्ले आसतील. लाजली आसंल सांगायला. सांगंल कवातरी. तू बोललीस का, तिला सासू दिसंल."

शेवटचं वाक्य मला बरोबर लागलं. माझी जीभ तिखट, आणि सुनेपुढे ती आवरायची असं मी लग्नाच्या आधीच ठरवलेलं. म्हणून गप्प राहिले. ह्यांचं तोंड मात्र उतरत चाललं. लसणाचं त्यांना काही नव्हतं. बुवांसमोर छाती ठोकून जे बोलले होते, ते हळूहळू खोटं ठरत होतं. पण ते एका शब्दाने तिला दुखवायला तयार नव्हते. किती चांगला माणूस! चांगुलपणा कधीकधी किती महागात पडतो, ते पुढच्या आठवड्यात कळलं.

त्या रविवारी मी अळूवड्या लावत होते. ती शेजारी येऊन बसली, पानांच्या शिरा काढायला लागली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई, बाबा माझ्यावर रागावलेत का? माझ्या हातचं पाणी घेत नाहीत."

माझ्या नाकाशी लसूण. इतका ताजा की डोळ्यांत पाणी यावं. माझा संयम तिथेच संपला.

"मग लसूण खातेस तर सांगत का नाहीस?" मी ओरडलेच. "आम्ही कोणी खाणार होतो का तुला? एवढं चोरून खायला काय सोनं लागलंय त्याला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कुठला लसूण?"

"आत्ता येतोय तो! महिनाभर येतोय!"

मला वाटलं आता रडेल, नाहीतर भांडेल. दोन्ही झालं नाही. तिने हाताची ओंजळ तोंडाशी धरून श्वास सोडला, हुंगला, पुन्हा सोडला. "मला काहीच येत नाही," असं पुटपुटली. हातातलं पान तसंच खाली पडलं.

"आई, नक्की महिना? रोज? माझ्या तोंडाला?"

"अगो, झालं काय?"

"मी लसूण खाल्ला नाही. हे टेल्युरियम आहे."

मग तिने सांगितलं. टेल्युरियमचा अगदी कणभर अंश जरी पोटात किंवा फुप्फुसात गेला, तरी शरीर त्याचं एक उडून जाणारं संयुग करतं आणि ते श्वासातून, घामातून बाहेर टाकत राहतं. त्याचा वास हुबेहूब लसणाचा. ज्याच्या तोंडाला येतो त्याला स्वतःला तो जाणवत नाही, समोरच्याला जाणवतो. हे सगळं ती पुस्तकात शिकली होती, नवीन मुलांना शिकवतही होती. पण तिला वाटत होतं की आपण पुरेशी काळजी घेतोय. टेल्युरियमला ओलीची फारशी भीती नाही, म्हणून त्याचा खडा ती काचेच्या पेटीत न दळता बाहेर दळायची, वर धूर ओढून घेणारा पंखा असलेल्या कपाटात. पंखा चालू असायचा. आवाज येत होता.

"म्हणजे पंखा ओढत नव्हता," ती म्हणाली. "आई, तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही ओरडलात?"

सगळ्या जन्मात मी एकदाच तोंड आवरलं होतं.

तिने तिथूनच सरांना फोन केला. संध्याकाळपर्यंत संस्थेच्या गच्चीवर माणसं चढली आणि कारण सापडलं. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर दिसेल त्याला निळी ताडपत्री बांधायची हा कुळाचारच आहे. शेडला, गॅलरीला, बंद पडलेल्या स्कूटरला, देवळाच्या कळसालासुद्धा. संस्थेच्या गच्चीवर त्या कपाटाच्या धुराड्याच्या बुडाशी पाणी गळत होतं, म्हणून कोणीतरी भल्या मनाने तिथेही ताडपत्री गुंडाळली होती, आणि वाऱ्याने ती सरकून धुराड्याचं तोंड झाकून बसली होती. खाली पंखा नुसताच गरगरत होता. त्याच कपाटावर काम करणारा आणखी एक मुलगा होता, त्याच्याही तोंडाला वास निघाला. तो एकटा खोली घेऊन राहायचा. त्याला वास येतोय हे सांगायला घरात कोणी नव्हतंच. मला त्याचं फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी आधी ते नाव फोनवर शोधलं, मग रक्त-लघवी तपासली. अंश अगदी थोडा गेला होता, धोका नव्हता. पण वेळेवर कळलं म्हणून, असंही ते म्हणाले. औषध काही नाही. वास आपोआप जाईल. आठवडे लागतील, कदाचित महिनेही.

हे त्या रात्री जेवले नाहीत. मी सगळं समजावून सांगितलं, आवर्तसारणीसकट. त्यांनी एकच विचारलं, "म्हनजे तिनं लसून खाल्लाच नाय?"

"नाही."

"आन मी एक महिना तिच्या हातचं पानी घेतलं नाय."

सकाळी त्यांनी तिच्या हातून तांब्या घेतला, घटाघटा प्याले आणि म्हणाले, "बाय, मी नाकावर भरवसा ठेवला. तुज्यावर ठेवायला पायजे व्हता." तिने मान हलवली. तोंडावर ओढणी धरलेली होती.

आणि ती ओढणी तशीच राहिली. घरात, दारात, गच्चीवर. ज्या पोरीच्या बडबडीने आमचं घर भरलेलं असायचं, ती हातवाऱ्यांवर आली. लॅबचं धुराडं मोकळं झालं, काम पुन्हा सुरू झालं, पण ती म्हणायला लागली की टेल्युरियम सोडून द्यावं, दोनच पुरेत. सरांनाही तसं कळवणार होती. शेजारणीला एकदा तिने खरं कारण सांगून पाहिलं होतं. ती शेजारीण पोट धरून हसली. "लसनाला इंग्लिश नाव दिला म्हनजे वास जातो काय गो?" तासाभरात गल्लीभर झालं. कोळ्याची पोर चोरून खाते आणि वर शास्त्र सांगते. मी जाऊन त्या बाईला झापलं, पण बाहेर पडलेला शब्द कोणाच्या बापाला परत आणता येतो? खरं सांगून ती खोटी पडली होती, आणि हे तिला सोसत नव्हतं.

शेवटी तिने ते काम सोडलं नाहीच, आणि त्याचे लाल-काळे स्फटिक पुढे दिवाळीनंतर आले. टेल्युरियम एका बाजूने आत शिरून बसला आणि पिंजरा कोसळला नाही. तिने फोनवर दाखवलेला तो फोटो मी अजून पुसलेला नाही. पण तोवर ती टिकली कशी, ते मला सांगायचंय.

चातुर्मासात मंडळाचं भजन पाळीपाळीने एकेका घरी असतं. आमची पाळी आली. सून म्हणाली, "आई, मी त्या दिवशी करंज्याला जाते." मलाही ते बरं वाटलं. मंडळात सगळे माळकरी, बंद खोली, बाहेर धो धो पाऊस. कशाला तमाशा? पण ह्यांनी ऐकलं नाही. "सून घरात पायजे. परसाद तीच वाटंल." त्यावर मी भांडले. ती रडली. हे हटले नाहीत. त्या दिवशी त्यांचा उपास होता. सकाळपासून तोंडात तुळशीच्या पानाशिवाय काही गेलं नव्हतं.

संध्याकाळी मंडळी आली. भजन छान रंगलं. माझ्यासारखीलाही मान डोलवावीशी वाटली. आरती झाली, सगळे रांगेने भिंतीला टेकून बसले, आणि सून शिऱ्याचं ताट घेऊन आतून आली, ओढणी तोंडावर घेऊन. पावसाने खिडक्या बंद, पंख्याची हवा तेवढी फिरतेय. मी दाराशी उभी राहून देवाला म्हटलं, आजच्या दिवस तरी.

बुवा रांगेत पहिले. वीणा मांडीवर. तिने वाकून शिरा वाढायला ओढणी सावरली, आणि बुवांनी हात मागे घेतला.

"यजमान," ते म्हणाले, "घरात लसून शिजला काय?"

सगळ्यांनी आधी बुवांकडे बघितलं, मग सुनेकडे. त्या नजरांत आश्चर्य कुठेच नव्हतं. ह्याचीच तर ते लग्नापासून वाट बघत होते. तिने तोंड उघडलं. "बुवा, ते लॅबमध्ये मी..."

"मी खाल्ला," हे म्हणाले.

बसल्या जागेवरूनच. आवाज चढवला नाही की खाली आणला नाही.

"काय?" बुवांनी विचारलं.

"लसून मी खाल्ला. सकाली. मोह झाला."

माळकऱ्याने नियम मोडला तर माळ उतरते. ती गळ्यात परत पडेपर्यंत मंडळात टाळ धरता येत नाही, रांगेत बसता येत नाही. पण मला त्याचं काय? मला आठवली ती माळेच्या आधीची वर्षं. ती माळ गेली आणि तिच्या जागी पुन्हा बाटली आली तर? मला त्यांचा असा राग आला की ओरडावंसं वाटलं, हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय. आणि त्याच क्षणी त्यांच्याविषयी इतकी माया दाटून आली की मी दाराची चौकट धरून तिथेच थांबले.

"बाबा!" सून म्हणाली.

"बाय, शिरा थंड व्हतोय," हे म्हणाले. "थांब जरा."

बुवा उठले. म्हातारे आहेत, गुडघ्यांवर हात टेकून उठले. ह्यांच्यापाशी आले, वाकले, आणि सरळ ह्यांच्या तोंडाशी नाक नेलं. नाक म्हणजे बुवांचं नाक. गल्लीच्या टोकाला कोणाकडे बोंबील तळले तरी त्यांना कळतं. हे तोंड उघडं ठेवून स्थिर बसून राहिले. तुळशीच्या पानाचा वास आला असेल. उपाशी पोटाचा आला असेल. दुसरं काय येणार? मग मान वर करून बुवांनी माझ्या सुनेकडे बघितलं, आणि पुन्हा ह्यांच्याकडे.

"येतोय," बुवा म्हणाले. "वास येतोय."

त्यांनी स्वतःच्या हाताने ह्यांच्या गळ्यातली माळ उतरवली आणि देवासमोर ताम्हनात ठेवली. "एकादशीला आंगोल करून ये," म्हणाले, "मीच घालीन." देवासमोर दोन म्हातारे लागोपाठ खोटं बोलले होते, आणि माझे डोळे वाहत होते.

हे रांगेतून उठले आणि बाहेर पायरीवर, पावसाच्या तुषारांत जाऊन बसले. बुवा आपल्या जागी परत आले. सुनेने ताट कमरेवर टेकवलं, तोंडावरची ओढणी काढून खांद्यावर टाकली आणि बुवांच्या अगदी जवळ वाकून, स्वच्छ आवाजात म्हणाली, "बुवा, प्रसाद घ्या."

बुवांनी दोन्ही हात पुढे केले. मग रांगेतल्या बाकीच्यांनीही केले.